हंटिंग्डनचे तीन ॲम्प्लिफायर

ज्यांनी व्हॉल्व्हचे उत्तमोत्तम ॲम्प्लिफायर घडवले, त्यांना त्या ॲम्प्लिफायरला स्वतःचा असा कोणताही आवाज नको होता. ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते, कारण गेली कित्येक वर्षे नेमके उलटे मानले जात आहे. जुन्या ॲम्प्लिफायरचा आवाज गोड, भरदार, ऊबदार. नव्याचा कोरडा, कानाला टोचणारा, ही वाटणी शौकिनांच्या बोलण्यात इतकी रुळली आहे की ती एकदा तपासून पाहावी असेही कुणाला वाटत नाही. जुनी यंत्रे त्या गोडव्यापोटी मोठ्या किमतीला विकली जातात आणि त्याच गोडव्याच्या नावावर त्यांच्या नव्या आवृत्त्या निघतात. जुन्या-नव्यात फरक आहे आणि तो मोठाही आहे, पण आपण तो भलत्या ठिकाणी शोधतो, असे माझे म्हणणे आहे. आवाजापुरते बोलायचे तर १९५०च्या दशकातला चांगला ॲम्प्लिफायर आणि आजचा चांगला ॲम्प्लिफायर हे एकाच वाटेवरचे दोन मुक्काम आहेत. खरा फरक त्या वस्तूंच्या घडणीत आहे, त्यांच्या आयुष्यात आहे, आणि बिघडल्यावर त्या कुणाच्या हाती सोपवता येतात यात आहे.

ॲम्प्लिफायरचे पहिले मोठे काम टेलिफोनच्या तारेवरचे. ली डी फॉरेस्टने १९०६मध्ये काचेच्या नळीत, म्हणजेच व्हॉल्व्हमध्ये, तिसरा घटक म्हणून तारेची जाळी घातली, तेव्हा तिथे नेमके काय घडते हे त्यालाही धड उमगले नव्हते. टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी त्या नळीतली हवा पुरती काढून टाकली, तिला भरवशाची केली आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कहून थेट सॅन फ्रान्सिस्कोशी बोलता येऊ लागले. क्षीण झालेला आवाज वाटेत ठिकठिकाणी पुन्हा मोठा करायचा, ही त्यामागची युक्ती. पण प्रत्येक नळी आवाज मोठा करताना त्यात मुळात नसलेले काहीतरी मिसळायची. तंत्रज्ञ त्याला डिस्टॉर्शन म्हणतात; आपण भेसळ म्हणू. एका ॲम्प्लिफायरची भेसळ कान सहन करतो, पण एकापुढे एक असे शेकडो ॲम्प्लिफायर लावले की दुसऱ्या टोकाला निव्वळ गोंधळ पोचतो. २ ऑगस्ट १९२७च्या सकाळी हॅरोल्ड ब्लॅक हा २९ वर्षांचा अभियंता हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून बेल लॅबोरेटरीजमध्ये कामाला निघाला होता. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने त्या प्रवासातच उत्तर लिहून काढले. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून परत आत आणायचा, आत आलेल्या मूळ आवाजाशी ताडून पाहायचा, आणि जी तफावत निघेल ती तिथल्या तिथे वजा करायची. नक्कल करणारा लेखनिक प्रत्येक ओळ मुळाबरहुकूम आहे ना हे पाहूनच पुढे सरकतो, तसे हे काम. यात ॲम्प्लिफायरची ताकद कमी होते, पण भेसळही त्याच पटीत घटते. पेटंट मिळायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. ते १९३७च्या डिसेंबरात हाती आले. निगेटिव्ह फीडबॅक नावाची ही कल्पना पुढच्या सगळ्या इतिहासाचा कणा आहे. व्हॉल्व्हच्या सुवर्णकाळातले जवळजवळ प्रत्येक मोठे नाव तिच्यावर उभे आहे, हे आज फीडबॅकला नावे ठेवणारे व्हॉल्व्हप्रेमी सहसा ध्यानात घेत नाहीत.

ही कल्पना घरातल्या संगीतापर्यंत पोचायला दुसऱ्या महायुद्धाचा शेवट उजाडावा लागला. हॅरोल्ड लीक याने १९४५मध्ये ‘पॉइंट वन’ नावाचा ॲम्प्लिफायर आणला. नावातच दावा होता: भेसळ ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक. दोन वर्षांनी, १९४७च्या एप्रिल आणि मेच्या अंकांत, वायरलेस वर्ल्ड या ब्रिटिश मासिकाने डी. टी. एन. विल्यमसन या तरुण स्कॉटिश अभियंत्याचा लेख छापला. १५ वॅट ताकद, केटी६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह पुश-पुल, म्हणजे एकमेकांविरुद्ध, जोडणीत, २० डेसिबल फीडबॅक आणि भेसळ पुन्हा तेवढीच, ०.१ टक्का. विल्यमसनने पूर्ण सर्किट, प्रत्येक कंडेन्सर आणि रेझिस्टन्सची किंमत आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे कसे घालायचे याचा तपशील, असे सगळे छापून टाकले. तो ट्रान्सफॉर्मर हेच या रचनेतले सर्वांत अवघड काम होते. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार लागतो आणि स्पीकर असतो आठ-पंधरा ओहमचा. या दोघांची गाठ घालून देणारा ट्रान्सफॉर्मर ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना कितीतरी पलीकडेपर्यंत निर्दोष असावा लागतो, नाहीतर फीडबॅक स्वतःच किंचाळू लागतो. जगभरच्या हौशी लोकांनी आणि पुढे कारखान्यांनी ते सर्किट उचलले. या साऱ्या खटाटोपात ‘गोडवा’ हे उद्दिष्ट कुठेही नाही. उद्दिष्ट एकच: आत आले तेच, तसेच, फक्त मोठे होऊन बाहेर पडावे. याच वर्षाच्या डिसेंबरात बेल लॅबोरेटरीजमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. व्हॉल्व्हची कारागिरी शिखरावर पोचली, त्याच साली तिचा वारसदारही जन्मला.

जुन्या आणि नव्याची तुलना करायची तर एकाच घरातली करावी, म्हणजे हेतू, कसब आणि कान यांत फरक उरत नाही. असे एक घर इंग्लंडमधल्या हंटिंग्डन या छोट्या गावात होते. पीटर वॉकरने १९३६मध्ये लंडनला अकूस्टिकल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. सुरुवातीचे काम सभा-समारंभांच्या लाउडस्पीकरांचे. युद्धात बाँबहल्ल्यांमुळे १९४१मध्ये तिला हंटिंग्डनला हलावे लागले. पुढे ‘क्वाड’ हे तिचे नाव झाले. १९५३चा क्वाड टू म्हणजे छोटेखानी लोखंडी सांगाडा, त्यावर दोन ट्रान्सफॉर्मर आणि त्यांच्यामध्ये उघड्यावर तापणारे व्हॉल्व्ह: दोन केटी६६, दोन छोटे ईएफ८६ आणि वीज सरळ करणारा जीझेड३२. ताकद १५ वॅट. त्याचे वेगळेपण आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये होते: वेटोळ्याचा एक भाग वॉकरने व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या बाजूला नेला आणि फीडबॅकचा पहिला पदर तिथेच विणला. बाकी सर्किट इतके आटोपशीर की एका छोट्या कागदावर मावते. केटी६६ला नुसते तापायला ६.३ व्होल्टवर १.३ अँपिअर लागतात, म्हणजे आठएक वॅट. दोन व्हॉल्व्हचे सोळा. एक सूरही निघण्याआधी, केवळ फिलॅमेंट लाल राहावी म्हणून, त्याच्या सर्वोच्च आवाजाहून जास्त वीज खर्ची पडते. दोन्ही केटी६६च्या कॅथोडखाली मिळून एकच १८० ओहमचा रेझिस्टन्स आहे. दोघांचा तोल तो एकटा सांभाळतो. या छोट्या भागाकडे मी शेवटी परत येणार आहे.

ट्रान्झिस्टरची सुरुवात वाईट झाली, हे मान्यच केले पाहिजे. त्याचे पहिले घरगुती ॲम्प्लिफायर खरोखर कानाला त्रास देणारे होते, आणि त्या काळच्या श्रोत्यांनी व्हॉल्व्हकडे पाठ फिरवायला नकार दिला तो हट्टापायी नव्हे. जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर तापले की जास्त प्रवाह ओढत, जास्त प्रवाहाने आणखी तापत आणि शेवटी जळत. ते टाळण्यासाठी त्यांना जवळजवळ उपाशी ठेवले जाई. पुश-पुल जोडणीत लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा दुसरा. प्रवाह फार कमी ठेवला तर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खाच पडते. ही खाच मोठ्या आवाजात लपते आणि हळू आवाजात उघडी पडते. व्हॉल्व्हचे बरोबर उलट: आवाज जितका हळू, तितकी भेसळ कमी. आता गंमत अशी की जाहिरातीतला आकडा पूर्ण ताकदीवर मोजलेला असे. कागदावर दोघेही सारखे आणि रात्री हळू आवाजात ऐकताना एक स्वच्छ, दुसरा खरखरीत. शिवाय एकमेकांना नेमके जुळणारे दोन्ही जातींचे ताकदवान सिलिकॉन ट्रान्झिस्टर तेव्हा परवडत नव्हते, म्हणून १९५६मध्ये एच. सी. लिन याने सुचवलेली, दोन्हीकडे एकाच जातीचे ट्रान्झिस्टर वापरणारी तडजोड बरीच वर्षे चालली. तिच्यात लाटेचे दोन अर्धे कधी पुरते सारखे होत नसत. यात वॅटच्या आकड्यांच्या फुगवाफुगवीचीही भर पडली. ती इतकी वाढली की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४मध्ये नियम करावा लागला, की ताकद सांगायची तर ती सतत देता येणारीच सांगा. आपल्याकडच्या टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’चे हजारो वॅट छापलेले असत, ते याच फुगवट्याचे उशिरा आलेले भावंड. अशा मालाशी तुलना झाल्यावर व्हॉल्व्हची कीर्ती वाढणारच होती, आणि ती तेव्हा रास्तच होती.

वॉकरने घाई केली नाही. बाकीचे कारखाने ट्रान्झिस्टरच्या मागे धावत असताना क्वाड टू विकला जात राहिला. १९६७मध्ये क्वाड ३०३ आला: दर बाजूला ४५ वॅट, सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर, आणि आउटपुटला एकाऐवजी तीन-तीन ट्रान्झिस्टरांची साखळी. या साखळीमुळे शेवटचा, तापणारा ट्रान्झिस्टर प्रवाह ठरवत नाही. थंड राहणारा पहिला ठरवतो. खाच पडण्याचे मूळ कारणच त्यामुळे आटोक्यात आले. पुढचे पाऊल १९७५चे, क्वाड ४०५, दर बाजूला १०० वॅट. त्याची कल्पना वायरलेस वर्ल्डच्या डिसेंबर १९७५च्या अंकात प्रसिद्ध झाली. त्यात दोन ॲम्प्लिफायर मिळून काम करतात: एक लहान पण अत्यंत नेमका, दुसरा धटिंगण. धटिंगण ओझे वाहतो आणि ते नीट ठेवले की नाही याची पर्वा करत नाही. लहान त्याची प्रत्येक चूक स्वतः भरून काढतो. चार भागांचा तोल नेमका साधला की मोठ्याची चूक स्पीकरपर्यंत पोचतच नाही. खाच भरण्यासाठी स्क्रू फिरवून प्रवाह जुळवत बसण्याची गरजच उरली नाही. १९७८मध्ये या रचनेला ब्रिटनचा क्वीन्स अवॉर्ड मिळाला. अशा रीतीने एकाच कारखान्याच्या फळीवर बावीस वर्षांच्या अवधीत जन्मलेले तीन ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी उभे राहिले: एक व्हॉल्व्हचा, एक ट्रान्झिस्टरच्या तरुणपणीचा आणि एक त्याच्या प्रौढपणीचा.

हे तिन्ही ॲम्प्लिफायर घेऊन १९७८मध्ये एक चाचणी झाली. ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांनी ती घेतली आणि वायरलेस वर्ल्डमध्ये तिचा वृत्तांत आला. ऐकणारी मंडळी मुरलेली होती. कोणता ॲम्प्लिफायर वाजतो आहे हे त्यांना दिसत नव्हते. आवाजाची पातळी काटेकोर सारखी केलेली होती आणि कोणत्याही ॲम्प्लिफायरला ताकदीपलीकडे ताणले जात नव्हते. ते तिघे एकमेकांपासून ओळखू आले नाहीत. अंदाजाने नाणे उडवावे तितपतच उत्तरे बरोबर आली. या निष्कर्षावर पहिला आक्षेप असा घेतात की चाचणीमागे खुद्द उत्पादकच होता. पण उत्पादकाचा स्वार्थ कशात होता ते पाहा. त्याला नवा, महाग, पुरस्कारप्राप्त ४०५ विकायचा होता. चाचणीने सांगितले की पंचवीस वर्षांपूर्वीच्या क्वाड टूपेक्षा त्याचा आवाज ओळखण्याइतकाही वेगळा नाही. आपल्या नव्या मालाविरुद्ध जाणारा हा निकाल वॉकरने जगासमोर मांडला, कारण त्याच्या लेखी ती पराभवाची गोष्ट नव्हती. क्वाड टू १९५३मध्येच मुक्कामाला पोचला होता, याचा तो दाखला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परीक्षेच्या ताणात कान बोथट होतो. खरा फरक आठवडेच्या आठवडे निवांत ऐकल्यावर जाणवतो. हे अशक्य नाही, आणि संगीत ऐकण्याची ती पद्धत मला मनापासून मान्य आहे. पण मग दावाही तेवढाच मवाळ असायला हवा. व्हॉल्व्हचे कैवारी जमीन-अस्मानाचा फरक सांगतात, पहिल्या आलापीतच कळतो म्हणतात. जो फरक पहिल्या आलापीत कळतो तो कापड टाकून यंत्र झाकल्यावर नाहीसा व्हायचे कारण नाही. निवांत ऐकतानाही कोणता ॲम्प्लिफायर चालू आहे हे माहीत नसण्याची व्यवस्था करता येते. ती केल्यावर निकाल वेगळा लागला तर तो मी आनंदाने स्वीकारीन. आवाजाच्या पातळीत अर्ध्या डेसिबलचा फरक राहिला तरी थोडा मोठा तो कानाला ‘जास्त भरदार’ वाटतो, ‘मोठा’ वाटत नाही. पातळी न मोजता केलेल्या तुलनांनी किती मते घडली असतील, याचा विचार करायला हवा.

तरीही काही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर वेगळे ऐकू येतात, हे खरे आहे, आणि त्याचे कारण गूढ नाही. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला काही अंतर्गत रोध असतो. ट्रान्झिस्टरचा बहुधा ०.१ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी. फीडबॅक न घेतलेल्या व्हॉल्व्हचा सहज २ ओहम. आता स्पीकर कागदावर ८ ओहमचा असला तरी प्रत्यक्षात तो एका पट्टीत ६ आणि दुसऱ्या पट्टीत ३० ओहम दाखवतो. २ ओहमचा रोध मध्ये असला तर या दोन पट्ट्यांतल्या आवाजात जवळपास २ डेसिबलचे अंतर पडते; ०.१ ओहम असला तर सुमारे एक दशांश डेसिबल. २ डेसिबल स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे स्पीकरची वळणे ॲम्प्लिफायरच्या आवाजात उतरतात, खर्ज थोडा फुगतो, आणि आपण त्याला ऊब म्हणतो. टोनची कळ थोडी फिरवावी तसाच हा परिणाम. अमेरिकन अभियंता बॉब कार्व्हरने १९८५मध्ये स्टिरिओफाईल मासिकाच्या संपादकांना आव्हान दिले, की तुमच्या पसंतीच्या कोणत्याही ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमधून काढून दाखवतो. संपादकांनी व्हॉल्व्हचा एक फार महाग ॲम्प्लिफायर निवडला. कार्व्हरने दोघांचे आउटपुट एकमेकांतून वजा करून उरलेला फरक ऐकत ऐकत, आउटपुटचा रोध आणि इतर गोष्टी बदलत आपला ॲम्प्लिफायर जुळवत नेला. शेवटी ज्यांनी आव्हान स्वीकारले होते, त्यांनाच दोन्ही वेगळे सांगता येईनात. जो गोडवा दोन दिवसांत स्वस्तातल्या यंत्रात उतरवता येतो, तो काचेच्या नळीत राहत नव्हता.

सम स्वरांशांचा मुद्दाही नेहमी पुढे येतो: व्हॉल्व्ह जी भेसळ करतो ती मूळ सुराच्या दुप्पट कंपनांची, म्हणजे वरच्या षड्जाची, म्हणून कानाला गोड लागते. एकाच व्हॉल्व्हवर चालणाऱ्या रचनेत, जशी १९३८च्या वेस्टर्न इलेक्ट्रिक ३००बीवर पुढे जपानी शौकिनांनी नव्याने रुजवली, हे बरोबर आहे. पण विल्यमसन, लीक, क्वाड टू हे सारे पुश-पुल. दोन व्हॉल्व्ह एकमेकांविरुद्ध जोडले की नेमके हे सम स्वरांश एकमेकांना खोडून काढतात. पुश-पुल निवडण्याचे ते एक मोठे कारणच आहे. त्यामुळे सुवर्णकाळाच्या ज्या यंत्रांची कीर्ती गायली जाते, त्यांच्यात हा गोडवा सगळ्यांत कमी. उलट बाजूने, ट्रान्झिस्टरमध्ये मोजमापात न दिसणारा दोष आहे, असे १९७०मध्ये फिनलंडच्या मॅटी ओटाला यांनी मांडले: फीडबॅक वेळेवर पोचला नाही तर अचानक उसळलेल्या सुरावर ॲम्प्लिफायर क्षणभर भांबावतो. हा दोष खराच होता. पण त्याचा उपायही साध्या गणिताने सांगता येतो. १०० वॅटच्या ॲम्प्लिफायरला २० हजार कंपनांचा सूर पूर्ण ताकदीने द्यायचा तर मायक्रोसेकंदाला ५ व्होल्ट इतका वेग लागतो. त्याच्या काही पट वेग ठेवला की भांबावणे संपते. पुढच्या रचनांत तो वेग ठेवला जाऊ लागला. दोष सापडला, समजला आणि दूर झाला. आठवण मात्र मागे राहिली.

गिटार वाजवणाऱ्यांचा या चर्चेत वेगळा अधिकार आहे, आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. फेंडर किंवा मार्शलचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर ताकदीपलीकडे ताणून जो फाटका, दाट सूर काढतात तो हवाच असतो, कारण तिथे ॲम्प्लिफायर वाद्याचाच भाग आहे. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो तेव्हा तो तारेच्या आवाजात जाणूनबुजून भर घालत असतो. त्या भरीशिवाय तंबोरा तंबोरा राहत नाही. पण तोच तंबोरा ध्वनिमुद्रित होऊन आपल्या घरात वाजतो तेव्हा त्यावर दुसरी जवारी चढवणे म्हणजे कारागिराच्या कामात लुडबुड. घरातल्या ॲम्प्लिफायरने त्याची जवारी जशीच्या तशी पोचवावी. वॉकर आणि विल्यमसन याच मताचे होते, आणि त्यांच्या यंत्रांना ‘खास चवीची’ म्हणून विकत घेणे हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा चुकीचा अर्थ लावणे आहे.

मग जुन्याचे मोल कशात? क्वाड टू उलटा केला की सगळे समोर दिसते. एकेक कंडेन्सर, एकेक रेझिस्टन्स हाताने जोडलेला. सोबतच्या पुस्तिकेत पूर्ण सर्किट छापलेले. सर्किट वाचता येणारा कोणताही कारागीर ते दुरुस्त करू शकतो. आपल्याकडे व्हॉल्व्हचे रेडिओ आणि गणेशोत्सवातले भोंग्याचे ॲम्प्लिफायर अशाच ज्ञानावर वर्षानुवर्षे चालले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह मिळत होते तोवर गावोगावचा मेकॅनिक तापलेली काच फडक्याने धरून काढायचा आणि नवी बसवायचा. ट्रान्झिस्टर आल्यावरही हे ज्ञान लगेच संपले नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत २एन३०५५ सारखे ट्रान्झिस्टर सुटे मिळत. पुढे एलए४४४० ही आयसी लावलेले तयार बोर्ड आले आणि शाळकरी पोरांनीही खोक्यात बसवून ॲम्प्लिफायर केले. क्वाड ४०५सुद्धा याच जगातला: आत सुटे भाग, ओळखता येणारे, बदलता येणारे. दुरुस्तीच्या बाबतीत तो क्वाड टूचा धाकटा भाऊच आहे. त्यामुळे रेघ ओढायची तर ती व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये ओढता येत नाही. ती बरीच अलीकडे येते.

आजचा क्लास डी ॲम्प्लिफायर ही तंत्रज्ञानाची विलक्षण कामगिरी आहे, आणि तिचा आदर ठेवूनच पुढचे बोलतो. आवाजाची लाट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणाऱ्या कळीत बदलायची, ही कल्पना जुनी. क्लाइव्ह सिंक्लेअरने १९६४मध्ये एक्स-१० नावाने तिचा संच विकला, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर त्या वेगाला पुरेसे नव्हते आणि तो फसला. २००१च्या सुमारास फिलिप्समध्ये ब्रुनो पुत्झीज यांनी या रचनेला फीडबॅकची नवी शिस्त लावली. आता भेसळ हजारात एकाच्याही कितीतरी खाली आहे, आणि आत गेलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरला मिळते. फिलॅमेंट लाल ठेवण्यात सोळा वॅट घालवणाऱ्या केटी६६च्या जोडीशी याची तुलनाच होत नाही; ब्लॅकने ज्यासाठी वर्तमानपत्रावर समीकरणे लिहिली ते इथे जवळजवळ पूर्णत्वाला गेले आहे. पण त्याचे बोर्ड नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या भागांनी भरलेले असते, सर्किट बहुधा छापले जात नाही, अनेकदा आत संगणकाची चिप आणि तिची आज्ञावलीही असते. एक भाग गेला की सबंध बोर्ड बदला, आणि बोर्ड बनणे बंद झाले की ॲम्प्लिफायर टाकून द्या.

यावर कुणी म्हणेल की नव्याला दुरुस्ती लागतेच कुठे? जुने सतत मागायचे: व्हॉल्व्ह झिजतात, ३०० व्होल्टहून जास्त दाब आत खेळतो, चुकून हात लागला तर जीव जाईल. हे सगळे खरे आहे. पण इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वाळणे हे कोणत्याही पिढीच्या यंत्राला चुकलेले नाही, आणि उष्णता त्याला आजही तितकीच मारते. पंधरा-वीस वर्षांनी प्रत्येक ॲम्प्लिफायर एकदा तरी कुणाच्यातरी मेजावर येणार. तेव्हा तो उघडता येणारा, वाचता येणारा, सुटे भाग मिळणारा असेल का, हा प्रश्न विकत घेतानाच विचारायला हवा. आणि नव्या यंत्राने ‘हो’ म्हणावे यासाठी त्याला आवाजात मागे यावे लागत नाही. सुटे भाग, छापलेले सर्किट आणि दुरुस्तीचा हक्क यांचा क्लास डीशी काही विरोध नाही. उत्पादकाने ते द्यायचे ठरवावे एवढेच.

क्वाड कंपनी १९९७मध्ये चिनी मालकीच्या समूहाकडे गेली आणि पुढे क्वाड टूच्या नव्या आवृत्त्याही निघाल्या. वॉकरचे २००३च्या डिसेंबरात निधन झाले. मूळ १९५३ च्या घडणीतले क्वाड टू अजून ठिकठिकाणी वाजत आहेत, आणि ते बिघडतात तेव्हा बहुधा एकाच रीतीने. दोन टप्प्यांना जोडणारा ०.१ मायक्रोफॅरडचा जुना कागदी कंडेन्सर गळू लागतो. केटी६६च्या जाळीवर नको तो दाब येतो. व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढतो, आणि तो सगळा प्रवाह त्या १८० ओहमच्या रेझिस्टन्समधून जातो. तो काळवंडतो, किंमत बदलतो, शेवटी तुटतो. न तुटता तसाच तापत राहिला तर मागोमाग ट्रान्सफॉर्मर जातो, आणि तो मात्र पुन्हा वेटोळावा लागतो. वेळेत लक्ष गेले तर काम अर्ध्या तासाचे असते. सांगाडा उलटा करायचा, दोन नवे कंडेन्सर, १८० ओहमचा एक जाडसर वायरवाउंड रेझिस्टन्स, थोडे शिसे. आणि पुस्तिकेतल्या सर्किटशी दाब ताडून पाहायचे.